पूर आला की सुटणारा नट

नट ढिला होतो, हे प्रत्येकाला मान्य असते. तो का ढिला होतो, हे ऐकून घेण्याची तयारी मात्र कोणाची नसते.

महाडच्या बाजारपेठेत मी नट-बोल्टांचे दुकान चालवले. त्याआधी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होतो. दुकानाच्या मागच्या खोलीत एक लहान वर्कशॉप होते, अजून आहे. दुकान आता पुतण्या पाहतो. मी सकाळी जाऊन बसतो आणि गिऱ्हाइकाने चुकीची वस्तू मागितली की बोलतो. पुतण्याला ते आवडत नाही. गिऱ्हाइकाने मागितले ते द्यावे, असे त्याचे मत आहे. मी आयुष्यभर मागितले ते दिले नाही. म्हणूनच दुकान वाढले नाही, असे तो म्हणतो, आणि त्यात तथ्य आहे.

या अंकासाठी 'गिऱ्हाइकांचे गमतीदार अनुभव' लिहावेत, अशी संपादकांची सूचना होती. अनुभव आहेत. गंमत त्या वेळी मला तरी वाटली नव्हती.

प्रथम धंद्याची गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. बोल्टवरचा आटा म्हणजे बोल्टभोवती गुंडाळलेला घाटरस्ता. नट त्या घाटातून वर चढतो. चढवून आवळला की बोल्ट ताणला जातो; डोळ्यांना दिसत नाही, पण ताणला जातो. पेंढ्याचा भारा बांधताना दोरी ताणून धरावी लागते, तसे. त्या ताणामुळे आटे एकमेकांवर घट्ट दाबले जातात आणि घर्षणाने नट जागच्या जागी राहतो. आंबेनळी घाटात उतारावर गाडी उभी केली आणि ब्रेक ओढला, तर ती राहते. पण त्याच गाडीला कोणी दोन्ही बाजूंनी हलवत राहिले, तर ती प्रत्येक हेलकाव्याला थोडीथोडी उताराकडे सरकेल. नटाचे तेच होते. यंत्र आडवे थरथरते, क्षणभर पकड सुटते, नट केसभर मागे येतो. पुन्हा थरथरते, पुन्हा केसभर. संध्याकाळपर्यंत नट जमिनीवर पडलेला असतो आणि मालक म्हणतो, "काल तर चांगला आवळला होता."

यावर माणसाने बरेच उपाय शोधले. सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे नटाखाली घालायची चिरलेली चकती, स्प्रिंग वायसर, आणि सर्वांत निरुपयोगी म्हणता येईल असाही तोच. आवळल्यावर तो सपाट होतो आणि सपाट झाल्यावर साध्या वायसरहून वेगळा उरत नाही. तरी लोक तो मागतात. "स्प्रिंग हाय ना त्यात," असे म्हणतात. दुसरा उपाय नायलॉक: नटाच्या डोक्यात नायलॉनचे कडे बसवलेले असते, ते आट्याला आवळून धरते. ताण गेला तरी हा नट गळून पडत नाही. पण उष्णता लागली की नायलॉन मऊ पडते, आणि प्रत्येक वेळी उघडताना कडे झिजते. तिसरा उपाय औषधाचा: आट्यांवर एक द्रव लावतात, तो आत सुकून दगडासारखा होतो. चौथा जुना उपाय खाचांच्या नटाचा. बोल्टला आडवे भोक, नटाला वर खाचा, आणि दोन्हींतून आरपार एक पिन. पिन आहे तोवर नट फिरू शकत नाही.

यांतला कोणताही उपाय फुकट मिळत नाही. जो नट घट्ट धरतो, तो सोडतानाही त्रास देतो. हे एवढेच वाक्य मी दुकानात आयुष्यभर सांगितले. ते कोणी ऐकले असते, तर हा लेख लिहावा लागला नसता.

पोलादपूरचा पांडू आंबेनळीच्या वाटेवर वाड्यांची माणसे ने-आण करणारी जीप चालवत असे. दर खंडेनवमीला तो जीपखाली शिरे, मागच्या चाकांना गती देणारा लांब दांडा उघडे, त्याचे नायलॉक नट रॉकेलमध्ये धुई, त्यांना हळदकुंकू लावी आणि तेच नट पुन्हा बसवी. हे त्याने मला एका खंडेनवमीला, धुतलेले नट हातात घेऊन, अभिमानाने सांगितले. मी एक नट मागून घेतला आणि नव्या बोल्टवर ठेवून त्याला बोटाने फिरवायला लावला. नट शेवटपर्यंत भिंगरीसारखा गेला.

"बघा अन्ना, कसा लोन्यासारखा फिरतो!" पांडू म्हणाला.

"तो फिरता कामा नये. बोटाने फिरला म्हणजे त्याचा जीव गेला."

"जीव कसा जाईल? दर साली पूजा होते त्याची."

"पांडू, हा नट एकदाच वापरायचा असतो. उघडला की फेकायचा."

"पूजलेला नट फेकू? अन्ना, तुमी मानसं फेकायला सांगाल एक दिवस."

मी त्याला नवे नट घेतल्याशिवाय दुकानातून जाऊ दिले नाही. त्याने ते बसवले. जुने नट जीपमध्ये देवाच्या तसबिरीपुढे ओळीने मांडून ठेवले. पुढच्या खंडेनवमीला तो परत आला, हेही नट धुवायचे का, असे विचारायला. हे मी सुधारणेत मोजतो.

वरंधकडच्या एका गावच्या देवळातली घंटा सतत ढिली होई. गावकीचे पुढारी, सगळे त्यांना नाना म्हणत, माझ्याकडे आले. मी खाचांचा नट आणि पिन सुचवली. "पिन पोरं काढून नेतील," नाना म्हणाले. "कायमचा बंदोबस्त द्या." मी द्रव दाखवला आणि हेही सांगितले की हा कडक जातीचा आहे, पुढे बोल्ट उघडायचा झाला तर ज्योत फेकणाऱ्या दिव्याने चांगला तापवावा लागेल. "उघडायचाय कोनाला?" नाना म्हणाले. आतली लोलकाची कडी झिजली आणि घंटा उतरवायची वेळ आली, तेव्हा तेच नाना पुन्हा दुकानात उभे राहिले. मी पेटता दिवा घेऊन गेलो, तर अर्धा गाव आडवा आला. देवाच्या घंटेला आग लावायची? शेवटी असे ठरले की कापूर चालेल. गुरवाने कापूर जाळला, गावातला होता नव्हता तेवढा कापूर संपला, घंटा काजळीने काळी झाली आणि बोल्ट तसाच थंड राहिला. मग गुरव देवाकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ फिरवून उभा राहिला. मी दिवा पेटवला. बोल्ट उघडला. गुरवाने काही पाहिले नव्हते.

या दोन्ही माणसांना निदान एकच गोष्ट हवी होती. शेवंताबाईंना दोन हव्या होत्या, आणि त्या दोन परस्परविरुद्ध होत्या.

शेवंताबाईंची पिठाची गिरणी नदीकडच्या सखल आळीत आहे. गिरणी सासऱ्यांच्या वेळची. यजमान कारखान्यात पाळीवर जातात. गिरणी चालवतात त्या. आमच्या महाडात पाणी भरते, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. सखल आळ्यांतून राहणाऱ्यांची त्यावर एक रीत ठरलेली आहे. पुराच्या इशाऱ्याचा भोंगा झाला की घरोघरीच्या मोटारी उचलायच्या. गिरणीची, लेथची, बर्फाच्या यंत्राची, जी असेल ती खाली उघडून माळ्यावर चढवायची. दगड, लोखंड, लाकूड पाण्यात गेले तरी धुऊन निघते. मोटारीत पाणी शिरले की आतली तार जळते. ती पुन्हा गुंडाळून देणारे कारागीर गावात मोजके, आणि पुरानंतर सगळ्या गावाच्या मोटारी त्यांच्या दारात रांगेने पडलेल्या असतात. पूर येतो तो आषाढ-श्रावणात. पुढे गणपती. त्या दिवसांत मोदकांच्या पिठासाठी तांदूळ दळायचे असतात, आणि नेमकी तेव्हा गिरणी बंद राहिली, तर गिऱ्हाईक दुसऱ्या गिरणीवर जाते आणि तिथेच राहते. शेवंताबाईंच्या घरातली चूल त्या एका मोटारीवर चालत होती. त्यांचे सगळे बोलणे त्या मोटारीभोवती फिरे, आणि त्यात त्यांची चूक नव्हती.

मोटार काँक्रीटमध्ये रोवलेल्या चार बोल्टांवर बसवलेली होती. वरून साधे नट आणि स्प्रिंग वायसर. पट्टा मोटारीला सतत एका बाजूला ओढतो, दगड थरथरतो. आठवड्याला नट ढिले होत, मोटार सरकत असे, पट्टा उतरत असे. शेवंताबाई पाना घेऊन पुन्हा आवळत. मग त्यांचा मुलगा प्रकाश मुंबईहून आला. तो लिफ्ट बसवण्याच्या कामावर आहे. वीर स्टेशनवर उतरून रिक्षाने घरी येताना तो थेट माझ्या दुकानासमोर थांबला आणि खिशातून नायलॉक नट काढून दाखवले.

"अण्णा, टेन्शनच खतम. हे लावले की फुल सेफ. मुंबईत सगळीकडे हेच."

"चांगले आहेत," मी म्हणालो. "पण तुमची मोटार दर पावसाळ्यात उघडावी लागते. हे उघडताना शेवटच्या आट्यापर्यंत पाना सोडता येणार नाही. तिथे ओल आहे, पीठ आहे, गंज आहे."

"अरे अण्णा, निघतो ना नट. नट म्हटल्यावर निघणारच."

तो माझे गिऱ्हाईक नव्हता. नट त्याने मुंबईहून आणले होते.

त्या नटांनी पावसाळ्यापर्यंत उत्तम काम केले. एकदाही मोटार सरकली नाही. मग भोंगा झाला. दुपारची वेळ होती. गटारे तुंबली, आळीत पाणी यायला लागले, आणि गिरणीत चार माणसे चार नटांवर लोंबकळू लागली. पिठाची लापशी आणि गंज आट्यांत बसून नायलॉनच्या कड्याखाली सिमेंट झाले होते. दोन नट पान्याने इंचाइंचाने निघाले. तिसऱ्याचे कोपरे गोल झाले. मला बोलावणे आले तेव्हा पाणी उंबऱ्याला लागले होते. उरलेले दोन नट मी छिन्नीने फोडले. मोटार माळ्यावर गेली, पाणी आत आले. बोल्टांचे आटे छिन्नीने खराब झाले ते झालेच.

पाणी ओसरल्यावर शेवंताबाई दुकानात आल्या. पायांना अजून चिखल होता.

"अन्ना, माला असा नट द्या, जो रोज धरील आनि पानी आला की सोडील."

"असा नट नसतो."

"मुंबईत असेल."

"मुंबईतही नसतो. नटाला भोंगा ऐकू येत नाही."

"तुमी हसताव माला."

मी हसत नव्हतो. मी वैतागलो होतो, ते वेगळे. त्या गेल्या तरी मी दुकानात बसून विचार करत राहिलो, कारण मागणी चुकीची असली तरी गरज खरी होती. रोज धरणारा नट म्हणजे न फिरणारा. पाणी आल्यावर सोडणारा म्हणजे बोटाने फिरणारा. एका नटात हे दोन्ही बसत नाही. पण अडवणारी वस्तू नटाच्या आत न ठेवता बाहेर ठेवली, तर बसते. बैलगाडीचे चाक आसावर कशाने राहते? टोकाला घातलेल्या एका खिळीने. खीळ उपसली की चाक हाताने निघते. बैलगाडीवाल्याला जे ठाऊक होते ते मला सुचायला संध्याकाळ झाली.

खाचांचा नट घेतला. त्यात नेहमी वाकवून बसवतात ती पिन न घालता, बोटाने ओढून निघणारी तारेची क्लिप घातली. पॉवर टिलरला असते तशी. मी गिरणीत पालथा पडून रोवलेल्या बोल्टांवर नवे आटे कापले, टोकांना आडवी भोके पाडली, नट चढवले, आवळले, क्लिपा घातल्या. मग शेवंताबाईंना समोर बसवून सगळे समजावले. भोक आणि खाच जुळली नाही तर नट पुढे आवळायचा, मागे घ्यायचा नाही. क्लिप नटाला पडू देत नाही, पण ताण राखत नाही. म्हणून अधूनमधून पाना लावून पाहायचे. आणि पूर आल्यावर क्रम असा: आधी मेन स्विच, मग पट्टा, मग क्लिपा, मग पान्याने अर्धा वेढा, आणि पुढे बोटाने. मी त्यांच्याकडून ते करवून घेतले. नट बोटांनी फिरून वर आला, तेव्हा शेवंताबाईंनी तोंडाला पदर लावला.

"गो बाई! एवढा सोपा होता तर आधी का नाय दिलात?"

एक गोष्ट मी त्यांना तेव्हाच सांगितली, आणि ती इथे नोंदवतो. नायलॉक माणसावर विसंबत नाही. एकदा आवळला की त्याचे तो पाहतो. ही क्लिप माणसावर विसंबते. जी वस्तू सहज निघते, ती कोणालाही, केव्हाही सहज निघते. शेवंताबाईंनी मान हलवली. त्यांनी ऐकले असे मी समजलो.

पुढच्या पावसाळ्यात सकाळीच भोंगा झाला. मी छत्री घेऊन आळीकडे निघालो. काळजी नव्हती, आपले काम कसे चालते, ते पाहायचे होते. वळणावरूनच गिरणीचा आवाज आला. गिरणी चालू होती, यात नवल नव्हते. भोंगा झाला की आळीतल्या बायका डबे घेऊन गिरणीवर धावतात. वीज जाणार, दोन-चार दिवस घरातून निघता येणार नाही, तेव्हा आधी दळून ठेवावे, असा हिशेब असतो. वर्षातली सगळ्यांत मोठी गर्दी त्या सकाळी असते. नवल आवाजाचे होते. दगडाच्या घरघरीखालून ठक ठक असा दुसरा आवाज येत होता.

मी गर्दीतून आत घुसलो.

"अन्ना, रांगेत या की," एक बाई म्हणाली. "आमी काय पावसात शोभेला उभ्या हाव?"

"बाजूला व्हा."

"डबा कुठं हाय तुमचा?"

मी वाकून मोटारीकडे पाहिले. एकाही बोल्टवर क्लिप नव्हती. एक नट बोटभर वर आला होता. दुसरा माझ्या डोळ्यांदेखत फिरत होता. तिसरा अजून जागेवर होता. चौथा नव्हताच. मोटार पट्ट्याच्या ओढीने तिरकी होऊन आपल्या जागी नाचत होती, आणि पट्ट्याच्या समोर, हातभर अंतरावर, बायका ओल्या डब्यांवर हात ठेवून उभ्या होत्या. पट्टा सुटला असता तर पहिला फटका त्यांना बसला असता.

मी मेन स्विच खाली ओढला. गिरणी थांबली आणि गलका झाला.

"अन्ना! माझी नाचनी अर्धी दगडात हाय!"

"क्लिपा कुठे आहेत?" मी शेवंताबाईंना विचारले.

त्यांनी पदराची गाठ पुढे केली. गाठीत क्लिपा होत्या. "ह्या काय. भोंगा झाल्या झाल्या काढून ठेवल्या. गेल्या टायमाला येळ झाला, तवा म्हटला या खेपेला आधीच तयारी करावी. तुमीच म्हनालाव ना, क्लिप काढली की नट हातानं निघतो?"

"हाताने निघतो म्हणजे आपला आपणही निघतो!"

"मग निघू दे की. काढायचाच हाय."

त्यांचे तर्कशास्त्र आतून पूर्ण होते. मागच्या पुरात उशीर झाला, म्हणून या पुरात लवकर केले. फक्त मध्ये गिरणी चालू होती.

"गिरणी बंद," मी म्हणालो. "मोटार आत्ताच वर न्यायची."

"अजाबात नाय." शेवंताबाई मोटारीच्या आड येऊन उभ्या राहिल्या. "ह्या बाया कुठं जातील? पानी अजून नदीत हाय. आज ह्यांना परत पाठवला, तर गनपतीला माझ्या दारात कोन येईल? मोटार वाचंल आनि गिरनी बुडंल, चालंल तुमाला?"

गर्दीतून कोणीतरी म्हणाले, "बरोबर हाय तिचा."

बरोबर होते. मला ते आवडले नाही, पण बरोबर होते. ज्या दिवशी लोकांना पीठ हवे, त्याच दिवशी गिरणी बंद ठेवणे म्हणजे गिरणी बुडवणेच. मी खिशातून पाना काढला; तो मी बाहेर पडताना नेहमी बरोबर ठेवतो. "चौथा नट शोधा," म्हणालो. बायका डबे सरकवून, लुगडी सावरून पिठात आणि ओल्यात हात घालू लागल्या. नट एका डब्याच्या आडोशाला जाऊन बसला होता. मोटार सरळ केली, चारही नट आवळले, खाचा जुळवल्या. मग शेवंताबाईंपुढे हात केला.

त्यांनी गाठ सोडून क्लिपा माझ्या हातावर ठेवल्या. "घ्या. तुमच्याच हायत."

क्लिपा घातल्या. स्विच वर केला. ठक ठक थांबली होती. अर्धी नाचणी दगडातून खाली उतरली.

आणि मी घरी गेलो नाही. एक रिकामा डबा पालथा घातला आणि मोटार व गर्दी यांच्या मध्ये बसलो. कारण मी बाहेर पडताच त्या क्लिपा पुन्हा पदरात जाणार, याची मला खात्री होती.

"अन्ना राखनीला बसले गो," एक म्हणाली.

"देवळात गुरव बसतो तसे."

"नैवेद्य काय दाखवायचा? भाकरी की चाय?"

चहा आला आणि तो मी घेतला.

सखल आळ्यांत पाणी येण्याआधी एक खूण दिसते. नदीकडे वाहणारे गटार थांबते आणि मग उलटे वाहू लागते. ते घरातल्यांना बरोबर कळते. दाराजवळची गर्दी विरळ झाली होती, तेव्हा शेवंताबाई बाहेर डोकावल्या आणि म्हणाल्या, "अन्ना, गटार फिरला."

"स्विच."

त्यांनी स्विच खाली ओढला. पट्टा उतरवला. एकेक क्लिप काढून पुन्हा पदराच्या गाठीत बांधली. या वेळी ते बरोबर होते. पान्याने अर्धा अर्धा वेढा दिला, आणि चारही नट शेवंताबाईंनी बोटांनी फिरवून काढले. शेजारचे पुरुष आले. मोटार माळ्यावर गेली तेव्हा पाणी अजून उंबऱ्याबाहेर होते. छिन्नी नाही, आरडाओरड नाही. मी या कामात पाहिलेले हे सर्वांत सुरळीत काम होते, आणि सकाळी बायका पट्ट्याखाली सापडता सापडता राहिल्या होत्या.

त्या पुरात गावातल्या पुष्कळ मोटारी बुडाल्या. तारा गुंडाळणाऱ्यांच्या दारात रांग लागली. शेवंताबाईंनी चिखल काढला, बोल्ट पुसले, मोटार खाली उतरवली, आणि वीज आली त्याच दिवशी गिरणी सुरू केली. गणपतीचे तांदूळ दूरच्या आळ्यांतूनही त्यांच्याकडे आले. त्यांनी ते सगळ्यांना सांगितले, हे स्वाभाविक होते. काय सांगितले, ते मला दुकानात कळले. बर्फवाला आला. लेथवाला आला. दुसऱ्या गिरणीचा मालकही आला. सगळ्यांना खाचांचे नट आणि क्लिपा हव्या होत्या.

"कशा वापरायच्या, ठाऊक आहे?" मी बर्फवाल्याला विचारले.

"हाय की. शेवंतावैनीनं सांगितला. भोंगा झाला की पहिल्या क्लिपा काढून पदरात बांधायच्या." त्याने खिसा चाचपला. "मी खिशात ठेवीन."

पुतण्या काउंटरखाली वाकून हसला. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला पुन्हा पहिल्यापासून सांगितले. आधी स्विच, मग पट्टा, मग क्लिपा. प्रत्येकाने मान हलवली. ती मान हलवण्याची पद्धत मला आता चांगली ओळखता येते.

म्हणून भोंगा झाला की मी छत्री आणि पाना घेऊन निघतो. वाटेत बर्फवाल्याचे बोल्ट पाहतो, लेथवाल्याचे पाहतो, आणि शेवटी गिरणीत जाऊन पालथ्या डब्यावर बसतो. गटार फिरेपर्यंत बसतो. गुडघे तक्रार करतात. पायऱ्या ओल्या असतात. गेल्या पावसाळ्यात घरच्यांनी छत्री लपवून ठेवली होती; मी तसाच गेलो. शेवंताबाई मला लांबूनच पाहतात आणि आतल्या बायकांना ओरडून सांगतात, "क्लिपा जागेवर हायत गो! अन्ना आले!"

गेल्या खेपेला मी भिजलेला पाहून त्यांनी चहा पुढे केला, आणि पट्ट्याच्या आवाजातच मोठ्याने विचारले, "अन्ना, तुमच्यामागं हितं कोन बसनार?"

"तुम्ही बसायचे. गिरणी तुमची आहे."

शेवंताबाईंनी डबा चाळणीखाली सरकवला, गर्दीकडे पाहिले, आणि मग माझ्याकडे.

"मी बसले, तर दळनार कोन?"